घरातली ती पेटी सगळ्यांना कळायला हवी

तुमच्या घरात इंटरनेट बंद पडलं की काय होतं? कोणीतरी ओरडतं, "वायफाय गेलं!" मग सगळे एकाच माणसाकडे बघतात. कुणाच्या घरी ते बाबा असतात, कुणाच्या घरी आई, कुणाच्या घरी मोठी ताई. तो माणूस घरी नसेल तर बाकीचे नुसते वाट बघत बसतात.

मला हे बरोबर वाटत नाही. घरातल्या इंटरनेटच्या पेट्या काय काम करतात, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. पाण्याचा मुख्य नळ कुठे आहे, फ्यूजबॉक्स कुठे आहे, हे आपण माहीत करून घेतो. त्यासाठी प्लंबर किंवा इंजिनिअर व्हावं लागत नाही. इथेही तसंच आहे. चार नावं आणि त्यांची चार कामं समजली की पुरे.

पहिलं नाव मोडेम. रस्त्यावरून तुमच्या घरात एक तार येते. ती टेलिफोनची असेल, केबल टीव्हीची असेल किंवा काचेच्या बारीक तंतूची, म्हणजे फायबरची असेल. त्या तारेतून येणारी भाषा तुमच्या कॉम्प्युटरला कळत नाही. मोडेम ती बदलून देतो. तो दुभाषी आहे. आजीचं मराठी बोलणं तुम्ही तुमच्या मित्राला त्याच्या भाषेत सांगता ना, अगदी तसंच. फायबर असेल तर या पेटीला ओएनटी म्हणतात, पण काम तेच.

दुसरं नाव राऊटर. हा समजायला मुंबई-पुण्याची एखादी सोसायटी आठवा. बाहेरच्या लोकांना सोसायटीचा एकच पत्ता माहीत असतो. आत मात्र खूप फ्लॅट असतात आणि प्रत्येकाला वेगळा नंबर असतो. तुमच्या घरालाही बाहेरून बहुतेक वेळा एकच पत्ता मिळतो. आत फोन, टीव्ही, लॅपटॉप, प्रिंटर अशी दहा-वीस उपकरणं असतात. राऊटर प्रत्येकाला आतला नंबर देतो. पुष्कळ घरांत तो १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. तुम्ही एखादा व्हिडिओ मागवलात, तर तो कोणत्या फ्लॅटमध्ये पोचवायचा हे राऊटरला ठाऊक असतं. आणि कोणी न बोलावता आत यायला लागलं, तर तो गेटवरच्या वॉचमनसारखा त्याला अडवतो.

तिसरं नाव स्विच. तो सगळ्यांच्या घरी वेगळा नसतो. तारेने जोडायची उपकरणं जास्त झाली, की राऊटरची भोकं कमी पडतात. तेव्हा स्विच लावतात. दिसायला तो विजेच्या एक्स्टेंशन बोर्डासारखा दिसतो, पण थोडा हुशार असतो. ज्याचा निरोप असेल त्यालाच तो देतो.

चौथं नाव ॲक्सेस पॉइंट. वायफाय देतो तो हा. वायफाय म्हणजे तार नसलेली तार! २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय लांबपर्यंत जातं, पण हळू चालतं. ५ गिगाहर्ट्झचं वेगाने चालतं, पण जाड भिंतीपुढे दमतं. म्हणून पेटी कपाटात लपवून ठेवू नका. घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी ठेवा.

आता गंमत बघा. आजकाल इंटरनेट कंपन्या बरेचदा एकच पेटी देतात. हे चौघेही तिच्या पोटात असतात. त्यामुळे आपण सगळ्यालाच "वायफाय" म्हणायला लागलो. पण वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. फोनवर वायफायची खूण पूर्ण दिसते आणि तरी कोणत्याच उपकरणावर काही उघडत नाही, असं झालं तर घराच्या आतली वाट ठीक असते. अडचण बहुधा मोडेममध्ये किंवा बाहेरच्या तारेत असते. खूणच दिसत नसेल, तर आधी पेटीकडे जा. एवढा फरक कळला की कंपनीला फोन करून नेमकं सांगता येतं.

काही जण म्हणतील, "हे कंपनीचं काम आहे. आपण कशाला डोकं चालवायचं?" तार दुरुस्त करणं कंपनीचं काम आहे, हे खरं. पण घराचं कुलूप लावणं आपलं काम आहे. २०१६ साली मिराई नावाचा एक घातक प्रोग्राम जगभर पसरला. त्याच्याकडे कारखान्यात ठरवलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या होत्या. लोकांनी ते पासवर्ड बदललेलेच नव्हते. त्यामुळे तो घरोघरच्या कॅमेऱ्यांत आणि राऊटरमध्ये सहज शिरला. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच उपकरणांचा वापर करून अमेरिकेत मोठा हल्ला झाला. ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या साइट्स अनेकांना काही तास नीट उघडता आल्या नाहीत. ज्यांच्या घरातली उपकरणं त्यात वापरली गेली, त्यातल्या कित्येकांना काही कळलंसुद्धा नाही.

त्यानंतर सरकारं जागी झाली. सगळ्या उपकरणांना सारखाच सोपा पासवर्ड देऊ नये, असे नियम कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. चांगलंच झालं. पण हे नियम नव्या वस्तूंसाठी आहेत. तुमच्या कपाटावरची सात वर्षांची जुनी पेटी कायद्याने आपोआप सुरक्षित होत नाही.

आणखी एक कारण आहे, आणि मला ते सर्वांत मोठं वाटतं. भारतात तुमच्या आजी-आजोबांच्या घरीही बहुधा अशीच पेटी असते. रविवारचा व्हिडिओ कॉल तुटला की ते गप्प बसून राहतात, कारण मदतीला जवळ कोणी नसतं. तुम्ही साध्या फोनवरून विचारू शकता, "आजोबा, पेटीवरचा कोणता दिवा लाल दिसतोय, बघता का?" किंवा "आजी, पेटी बंद कर, अर्धा मिनिट थांब आणि मग चालू कर." दोन पेट्या असतील तर आधी मोडेम चालू करायचा, मग राऊटर. हे मराठीत सांगता येणं ही लहान गोष्ट नाही. एरवी आजी-आजोबा तुम्हाला शिकवतात. इथे तुम्ही त्यांना शिकवाल.

म्हणून या आठवड्यात एवढं करा. घरातल्या मोठ्यांना बरोबर घ्या आणि पेट्या शोधा. कोणती तार कुठे जाते त्याचं चित्र काढा. राऊटरच्या सेटिंगचा पासवर्ड कारखान्यातलाच असेल, तर तो बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बघून घ्या. पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय ठेवता येतं का तेही तपासा. पेटीला कंपनीकडून अजून अपडेट मिळतात का, ते विचारा. मिळत नसतील तर नवी पेटी घ्यायची वेळ झाली.

पुढच्या वेळी कोणी "वायफाय गेलं!" म्हणून ओरडलं, तर तुम्ही शांतपणे विचारा, "वायफाय गेलं की इंटरनेट?"

विचार करा आणि बोला
१. तुमच्या घरात या चारपैकी कोणत्या पेट्या आहेत? त्या कुठे ठेवल्या आहेत?
२. राऊटरला वॉचमन म्हटलं आहे. तुम्ही त्याला आणखी कोणाची उपमा द्याल?
३. "घरातल्या प्रत्येकाला हे माहीत हवं" हे लेखकाचं मत तुम्हाला पटतं का? पटत नसेल तर का नाही?