कोवळ्या वयाचीं नांवें

गेल्या गणपतीच्या सुटींत आम्ही सहकुटुंब जव्हारहून दाभोशाचा धबधबा पाहण्यास गेलों होतों. लेंडी नदी तेथें सुमारें ३०० फूट खालीं उडी घेते. वाट निसरडी झालेली, म्हणून गांवांतील एक मुलगा सोबतीस घेतला. उतरणीस लागतांना आमचे बंधु आपल्या चिरंजीवांविषयीं म्हणाले, "टीनएजर आहे तो अजून, त्याला एकट्याला पुढें सोडूं नका." आणि लगेच, "फराळाची पिशवी त्या पोऱ्याकडे द्या." वाटेंत चौकशी केली, तेव्हां कळलें कीं, दोघांचेंही वय चवदा, आणि दोघेही नववींत! बंधूंना एकट्यांना दोष कसा द्यावा? तोंवर आम्हांसही त्यांत कांहीं वावगें वाटलें नव्हतें.

आपल्या घरांतून हल्लीं मुलांसाठीं इंग्रजी शब्द सर्रास वापरले जातात. परंतु त्या प्रत्येकाची जागा वेगळी आहे. 'किड' म्हणजे मूळचें शेळीचें करडूं. हा शब्द लाडांत शोभतो, अर्जांत नव्हे. 'चाइल्ड' हें वयाचें नांव तसेंच नात्याचेंही. साठीच्या गृहस्थासही त्याच्या आईचा 'चाइल्ड' म्हणतां येतें. 'टीनएजर' हा शब्द आंकड्यांतून निघाला. इंग्रजींत तेरापासून एकोणीसपर्यंतच्या संख्या 'टीन' या अक्षरांनीं संपतात. १९४० नंतरच्या दशकांत हा शब्द अमेरिकेंत रूढ झाला व तेथून जगभर गेला. 'ॲडोलसंट' हा वैद्यांचा व शिक्षणशास्त्रज्ञांचा शब्द. तो आणि 'ॲडल्ट' हे दोन्ही 'वाढणें' या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून झाले आहेत: पहिला वाढत असलेला, दुसरा वाढून झालेला. 'यूथ' सभेंत व निवडणुकींत गौरवाचा. पोलिसांच्या बातमींत मात्र तोच संशयाचा होतो. 'मायनर' कोर्टांतला. 'ज्युव्हेनाइल' या शब्दास तर गुन्ह्याचा असा वास लागला कीं, २०१५ च्या बालन्याय कायद्यानें आपल्या नांवांत तो ठेवला, परंतु आंतल्या कलमांतून त्याच्या जागीं बहुतेक ठिकाणीं 'बालक' हाच शब्द घातला.

आपल्याकडेही अशा नांवांची वाण नाहीं. जुन्या संस्कृत गणनेप्रमाणें पांच वर्षांपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर आणि पुढें यौवन. आज आपण 'पौगंडावस्था' म्हणतों ती 'ॲडोलसन्स'ला प्रतिशब्द म्हणून. आणि जागतिक आरोग्य संघटना ती दहा ते एकोणीस वर्षांची मानते. म्हणजे पूर्वजांचें पौगंड जेथें संपत होतें, तेथें आमचें सुरू होतें! कायद्याच्या मराठींत अठरा वर्षें पुरीं होईपर्यंत मनुष्य 'अज्ञान', पुढें 'सज्ञान'. ही अठराची मर्यादा १८७५ च्या कायद्यापासून चालत आली आहे.

हा केवळ शब्दांचा खेळ असता, तर आम्ही वाचकांचा वेळ घेतला नसता. परंतु शब्दामागें हक्क येतात. २००९ च्या कायद्यानें मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला तो सहा ते चवदा वर्षांच्या बालकांस. बालकामगारांच्या कायद्यांत २०१६ सालीं दुरुस्ती होऊन चवदा वर्षांखालील तें 'बालक' आणि चवदा ते अठरा तो 'किशोरवयीन' असा भेद झाला. बालकास, घरचा व्यवसाय वगैरे थोडे अपवाद सोडल्यास, कामास लावण्यास बंदी. किशोरवयीनास मात्र धोक्याच्या कामांपुरतीच बंदी. सज्ञान होण्यास अद्यापि चार वर्षें अवकाश, पण बालपणाचें छत्र निघालेलें! नेमक्या याच चार वर्षांना आपण घरीं एक नांव देतों आणि दारीं दुसरें.

जव्हार-मोखाड्याकडील पुष्कळ कुटुंबें भातकापणीनंतर वीटभट्ट्यांवर कामास जातात. आमच्या वाटाड्याचे आईबापही त्यांतलेच. तो स्वतः आश्रमशाळेंत राहतो, सुटीपुरता घरीं आलेला. बोलतां बोलतां त्यानें सांगितलें कीं, आतां तो मोठा झाला, तेव्हां यंदा दिवाळीनंतर त्यानेंही भट्टीवर यावें, असें घरांत चाललें आहे; त्याला मात्र दहावी व्हायचें आहे. आमच्या पुतण्यास 'मोठा झालास' असें आम्ही म्हणतों, तें तो अंघोळीचा टॉवेल जमिनीवर टाकतो तेव्हां. तेंच वाक्य या मुलाच्या वांट्यास आलें म्हणजे त्याची शाळा सुटण्याची वेळ येते.

आईबापांना तेथून नांवें ठेवणें सोपें आहे. पोटाची ओढ ज्यांना ठाऊक नाहीं, त्यांनीं तें करूं नये. आम्हांस करतां येण्याजोगी गोष्ट लहान आहे. आपल्या मुलास आपण ज्या वयाची सवलत देतों, ती त्याच वयाच्या दुसऱ्या मुलासही देतों कीं नाहीं, हें पाहावें. हॉटेलांत फडकें मारणारा, दुकानांत चहा आणून देणारा 'पोऱ्या' दिसला, कीं त्याचें वय व त्याची शाळा विचारावी. आणि चवदाच्या आंतला असेल, तर चाइल्डलाइनच्या १०९८ या क्रमांकावर कळवावें. पोऱ्या म्हटलें म्हणजे हा प्रश्न मनांत येतच नाहीं. मूल म्हटलें म्हणजे तो आपोआप येतो.

धबधब्याशीं पोंचल्यावर दोघे मुलगे खडकावरून पाण्याकडे वळले. वरच्या पायरीवर टेकलेल्या आमच्या मातोश्रींनीं हांक दिली, "लेकरांनो, जपून रे!" दोघांनींही एकदमच मागें वळून पाहिलें. परततांना फराळाची पिशवी बंधूंनीं स्वतःच्या खांद्यावर घेतली, आणि त्या मुलाच्या शाळेचें नांव आम्हीं टिपून घेतलें. दिवाळीनंतर तेथें पत्र घालून तो वर्गांत आहे कीं नाहीं, तें विचारण्याचा आमचा मानस आहे.