साबणाच्या वडीवरील कर

“आम्ही कसला कर भरतों? कर भरणारे ते निराळे. ते मोटारींतून हिंडतात.” असे उद्गार भिंगारच्या बाजारांत आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या घरींही पुष्कळदां ऐकूं येतात. बोलणाऱ्याच्या मनांत प्राप्तिकर असतो, आणि तेवढ्यापुरतें त्याचें म्हणणें खरेंही असतें. परंतु त्याच वेळीं त्याच्या हातांतील पिशवींत साबणाची वडी, चहाचा पुडा व तेलाची बाटली असते. आणि या प्रत्येक वस्तूच्या किंमतीबरोबर सरकारचा कर त्यानें नुकताच मोजून दिलेला असतो. दिलेलें दिसत नाहीं, म्हणून तें दिलेंच नाहीं असें होत नाहीं. हा हिशेब घरोघरीं समजला पाहिजे, असें आमचें मत आहे.

विक्रीवरील कर कांहीं आजकालचा नव्हे. मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारनें 1938 सालीं पेट्रोलाच्या विक्रीवर कर बसविला. 1939 सालीं मद्रास इलाख्यांत सर्वसाधारण मालावर विक्रीकर आला. आणि ज्या मुंबई इलाख्यांत आपला नगर जिल्हा होता, तेथें विक्रीकराचा कायदा 1946 सालीं झाला. पुढें 1 एप्रिल 2005 पासून महाराष्ट्रांत त्याची जागा मूल्यवर्धित करानें घेतली, व 1 जुलै 2017 पासून देशभर वस्तु व सेवा कर सुरू झाला. पेट्रोल व डिझेल मात्र या नव्या करांत अद्याप आलेलें नाहीं. त्यांवर राज्याचा मूल्यवर्धित करच चालू आहे.

आतां दर पाहूं. 22 सप्टेंबर 2025 पासून नित्याच्या मालाचे मुख्य दर दोनच राहिले आहेत, शेंकडा 5 व शेंकडा 18. कांहीं थोड्या चैनीच्या व अपायकारक वस्तूंवर तो शेंकडा 40 आहे. साबण, दंतमंजन, केशतेल, चहा, साखर, खाद्यतेल यांवर शेंकडा 5. विजेचा पंखा, मिक्सर यांवर शेंकडा 18. सुटें धान्य, ताजी भाजी, मीठ व छापील पुस्तकें यांवर कर नाहीं. वह्या, पेन्सिली व खोडरबरही त्याच दिवसापासून करमुक्त झालीं. महाराष्ट्रांतल्या महाराष्ट्रांत झालेल्या विक्रीच्या करांतील निम्मा भाग केंद्राकडे व निम्मा राज्याकडे जातो.

गणितांतील चूक होते ती पुढेंच. वेष्टनावर छापलेल्या कमाल किंमतींत सर्व कर आधींच मिळविलेले असतात. तिच्यावर पुन्हा कर मागणें कायद्यास धरून नाहीं. समजा, पंख्याची छापील किंमत 2360 रुपये आहे. तिचे शेंकडा 18 काढले तर 424 रुपये 80 पैसे होतात. पण हा कर नव्हे. दर मूळ किंमतीच्या शंभरावर असतो, छापील किंमतीच्या शंभरावर नव्हे. येथें आपलें जुनें त्रैराशिक कामास येतें. 118 रुपयांत कर 18 रुपये, तर 2360 रुपयांत किती? 2360 ला 18 नें गुणावें व 118 नें भागावें. उत्तर 360 रुपये. मूळ किंमत 2000 रुपये. ज्यास हें येत नाहीं, त्याच्याकडून कोणी छापील किंमतीवर आणखी 424 रुपये 80 पैसे घेतले, तरी तो मुकाट्यानें देऊन घरीं येईल.

हीच रीत साबणास लावूं. 42 रुपयांच्या वडींत मूळ किंमत 40 व कर 2 रुपये. रोजंदारीवर जाणारी एखादी माउली महिन्याकांठीं शेंकडा 5 दराचा 1050 रुपयांचा माल नेत असेल, तर तींत 50 रुपये कर असतो; वर्षाचे 600 रुपये झाले. बंगल्यांत राहणारा गृहस्थ त्याच वडीवर तेच 2 रुपये देतो. त्याच्या मिळकतींत त्यांची गणना नाहीं. हिच्या मिळकतींत आहे. मग करदात्याचा मान त्यास द्यावा आणि हिनें मात्र रस्त्याविषयीं, दवाखान्याविषयीं, शाळेविषयीं विचारतांना खालीं मान घालून उभें राहावें, हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

येथें एक इशारा दिला पाहिजे. हें ज्ञान दुकानदारास चोर ठरविण्यासाठीं नव्हे. ज्याची वार्षिक उलाढाल 40 लाख रुपयांच्या आंत आहे, अशा केवळ माल विकणाऱ्यास सामान्यतः नोंदणीची सक्ती नाहीं. दीड कोटींपर्यंतच्या व्यापाऱ्यास एकठोक कराची सवलत घेतां येते. तो कर त्यानें स्वतः भरावयाचा असतो, गिऱ्हाइकाकडून निराळा घ्यावयाचा नसतो. तेव्हां बिलावर कराची ओळ नसली म्हणजे लबाडीच झाली, असें नाहीं. ती ओळ असेल तर मात्र पंधरा अक्षरांकांचा नोंदणी क्रमांकही असला पाहिजे. महाराष्ट्रांतील नोंदणीचा आरंभ 27 नें होतो.

उलट बाजूनें, “बिल नको, तेवढेच चार पैसे वांचवा,” असें म्हणणाऱ्या पालकांसही आम्ही नम्रपणें विचारतों कीं, वांचतात ते कोणाचे? छापील किंमत दिली असेल तर कर आपण देऊन चुकलों. पक्कें बिल न घेतल्यानें तो खजिन्यांत पोंचला कीं नाहीं, एवढेंच अंधारांत राहतें. आणि भाव कमी करून घेतला असेल, तर ती घट आपल्याच शाळेच्या व दवाखान्याच्या वांट्यास येते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विद्यार्थ्यानें एक महिना घरांतील बिलें जपून ठेवावीं, दर रविवारीं आईजवळ बसून प्रत्येक वस्तूंतील कर काढावा, व महिनाअखेर बेरीज तिला वाचून दाखवावी. शिक्षकांनींही शेंकडेवारीच्या तासास काल्पनिक व्यापाऱ्याऐवजीं हींच बिलें घ्यावींत. वही-पेन्सिलीवर कर नाहीं. तेव्हां या अभ्यासास खर्च तो किती? आणि महिन्याच्या शेवटीं “आम्ही कसला कर भरतों?” या प्रश्नास त्या घरांत रुपये-पैशांत उत्तर मिळेल.