संपकरी की समाजकंटक?

19 एप्रिल 2016 रोजी बंगळूरच्या पीण्यातल्या गारमेंट कारखान्यांतल्या बायका तुमकूर रस्त्यावर उतरल्या. त्याला संप म्हणू नये असा एक पक्ष आहे. युनियन नाही, पुढारी नाही, मागणीपत्र नाही. म्हणजे तो नुसता जमाव, आणि त्यात शिरलेले समाजकंटक!

काम संपवले म्हणून संप, ही व्युत्पत्ती आपल्याकडे हौसेने सांगतात. शेजारच्या गुजरातीत डोकावले की ती लटकी पडते. तिथे संप म्हणजे एकोपा. 'संप त्यां जंप', एकोपा तिथे शांतता, अशी म्हणच आहे. मराठीने तो एकोपा गिरणीच्या दारात उभा केला. काम थांबते ते त्यापायी. (कन्नडमधल्या 'मुष्कर'ला हट्टाचा वास आहे, तोही मला प्रिय.) तेव्हा लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याची व्याख्याही कामगारांनी मिळून काम थांबवण्याचीच होती, युनियनचे नाव तिच्यात नव्हते. मुंबईच्या गिरण्या 1928 च्या एप्रिलमध्ये बंद पडल्या, गिरणी कामगार युनियन मे महिन्यात निघाली. त्या संपाला कोणी जमाव म्हणत नाही.

मागणी नव्हती, हे तर साफ खोटे. केंद्र सरकारच्या 10 फेब्रुवारीच्या अधिसूचनेने पीएफमधला, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीतला, मालकाचा हिस्सा वयाच्या 58 वर्षांपर्यंत अडकवला होता. शिलाईच्या लाइनवर 58 पर्यंत टिकणारी बाई दाखवा! चार-सहा वर्षांत डोळे आणि कंबर जाते, नोकरी सुटते, आणि पीएफच्या पैशातून कर्ज, फी, लग्न निभावते. हा हिशेब प्रत्येकीला पाठ होता. तो छापून वाटायला पुढारी कशाला हवा?

बसगाड्या जळल्या, हेब्बगोडीत पोलीस ठाण्यावर हल्ला झाला, हे खरेच. ज्यांनी केले त्यांच्यावर खटले भरा. पण त्यांचे नाव हजारो बायकांना चिकटवणे म्हणजे या बायकांचा हिशेब न ऐकण्याची सोय. सरकारने तो ऐकला, उशिरा आणि धाकाने का होईना: आधी अंमलबजावणी जुलैअखेरपर्यंत पुढे ढकलली, ते पुरेना तेव्हा त्याच 19 तारखेला केंद्रीय कामगारमंत्री बंडारू दत्तात्रेय यांनी अधिसूचनाच रद्द केल्याचे जाहीर केले.