चित्रासारखं गाव म्हणे!

'निसर्गरम्य' हा शब्द मराठीतून निदान दहा वर्षांसाठी हद्दपार करावा, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. जाताना त्याने 'टुमदार', 'अस्पर्शित' आणि रविवारच्या पुरवण्यांचा लाडका 'स्वर्गीय' यांनाही बरोबर न्यावं. कोकणातल्या कुठल्याही गावाला हे शब्द एकदा चिकटले की त्या गावात माणसं राहतात ही गोष्ट लोक सोयिस्करपणे विसरतात.

मी भोपाळला राहतो, इंद्रपुरीत. मूळ गाव पेडणे तालुक्यात. बी.ए. मराठी घेऊन केलं आणि पुढे सरकारी कचेरीत कारकून झालो. समुद्राची भेट वर्षातून एकदा, तीही रजा मंजूर झाली तर. पण इंद्रपुरीत आणि कचेरीत माझी ओळख 'गोवा वाले' अशी असल्यामुळे नोव्हेंबर उजाडला की मी पर्यटन खात्याचा बिनपगारी चौकशी काउंटर होतो. पूर्वी लोक कळंगुट, बागा विचारायचे. अलीकडे प्रश्न बदलला आहे. "भाईसाब, गोवा तो देख लिया, अब कुछ हट के बताइए!" आणि हे 'हट के' म्हणजे काय ते त्यांनी इंटरनेटवर आधीच शोधलेलं असतं. वेंगुर्ला.

आमच्या ओळखीतलं एक कुटुंब असंच गाडी काढून गेलं. इंदूर, सेंधवा, धुळे, नाशिक, पुणे, कोल्हापूर, मग आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी आणि वेंगुर्ला. बाराशे किलोमीटरच्या आसपास. एवढं अंतर स्वतः गाडी चालवत जाणं ही हौसेची गोष्ट आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. परत आल्यावर त्यांनी व्हॉट्सॲपवर चारशेच्या वर फोटो पाठवले. मी रात्री बसून सगळे बघितले. माड, होड्या, जेटी, दीपगृह, सूर्यास्त, पुन्हा सूर्यास्त. माणसं फक्त त्यांच्या घरची. वेंगुर्ल्याचा म्हणावा असा एकही चेहरा नाही. एका फोटोत कोपऱ्यात जाळं विणणारा म्हातारा अर्धा आला होता, तो कापायचा राहिला असावा. खाली मजकूर : "पिक्चर जैसा गाँव! तीस साल पहले का गोवा!!"

या शेवटच्या वाक्यावर मला बोलायचं आहे. कारण ते भोपाळच्या माणसाचं नाहीच. ते आमचं, गोवेकरांचं आहे. म्हापशाहून, पर्वरीहून गाड्या काढून शिरोडा-वेंगुर्ल्याला मासे खायला जाणारे आमचेच लोक ढेकर देत हे म्हणतात. "आमचें गोंय पयलीं अशेंच आशिल्लें." बोलताना गळा दाटून येतो. पण आपलं गोंय तसं का राहिलं नाही याचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती, आणि २०२४ मध्ये गोव्यात आलेल्या पर्यटकांचा सरकारी आकडा एक कोटीच्या वर गेला. शेजारच्या गावाला 'तीस वर्षांपूर्वीचा गोवा' म्हणताना आपण त्या गावाची पुढची तीस वर्षं लिहून मोकळे होतो, हे कुणाच्या लक्षात येतं का? वेंगुर्ला हा कुणाचा जुना फोटो नाही. त्याचं वय त्याचं आहे आणि ते गोव्याच्या घड्याळावर मोजायचं काही कारण नाही.

आणि ते वय थोडंथोडकं नाही. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली, कारण गोव्याच्या पोर्तुगिजांवर डोळा ठेवायला याहून सोयीची जागा नव्हती. इंग्रजी अमलात वेंगुर्ला हे बेळगावचं बंदर होतं. घाटावरचा माल बैलगाड्यांतून घाट उतरून इथे यायचा आणि गलबतांत चढायचा. नगरपालिका १८७६ सालची. पुढे १८८० च्या दशकात मुरगाव बंदर रेल्वेने घाटावरच्या मुलखाशी जोडलं गेलं आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. म्हणजे आज ज्याला आपण 'निवांत गाव' म्हणून गौरवतो तो निवांतपणा निसर्गाने दिलेला नाही, धंदा बसल्यामुळे आलेला आहे. त्यात आमच्या मुरगावचाही हात आहे! बंद पडलेल्या दुकानासमोर उभं राहून "किती शांत वाटतं नाही इथे" म्हणण्यातला हा प्रकार.

मंगेश पाडगावकरांचा जन्म इथला. चिं. त्र्यं. खानोलकर बागलांची राई इथले. जयवंत दळवींचं आरवली पुढे थोड्या अंतरावर. वि. स. खांडेकर १९२० मध्ये शाळामास्तर म्हणून शिरोड्याला आले ते १९३८ पर्यंत तिथेच होते. त्याच शिरोड्याच्या मिठागरांवर मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, लाठ्या खाल्ल्या लोकांनी. एवढ्याशा पट्ट्यातून एवढं मराठी साहित्य निघालं. ते सूर्यास्त बघून निघालेलं नाही. खानोलकर-दळवींच्या पानांवर जे कोकण आहे त्यात दारिद्र्य आहे, भुतंखेतं आहेत, मुंबईला गेलेला मुलगा आणि त्याच्या मनिऑर्डरीची वाट बघणारं घर आहे. एकाच गावात दोन वाड्यांचं बोलणं बंद आहे. तेव्हा ज्यांना वाचता येतं त्यांना तरी 'टुमदार' म्हणायला जीभ रेटू नये.

असो. साहित्य बाजूला ठेवू, कचऱ्याबद्दल बोलू. (हसू नका. कारकुनाला कचरा आणि कागद दोन्ही समजतात.) २०११ च्या जनगणनेनुसार जेमतेम बारा हजार वस्तीच्या या नगरपालिकेने गेल्या दशकात ओला-सुका एवढ्यावर न थांबता कचऱ्याचं बारीक वर्गीकरण सुरू केलं, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस केला, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात वापरलं आणि जिथे कचरा डेपो होता तिथे बाग उभी केली. लोक तो डेपो बघायला तिकडे जाऊ लागले! ज्या 'स्वच्छ, सुंदर' किनाऱ्याचे फोटो मला आले, तो स्वच्छ आहे कारण सकाळी उठून कुणीतरी तो झाडतं आणि घराघरांत बायका चार डब्यांत कचरा वेगळा करतात. चारशे फोटोंत ही बाग नव्हती. निसर्गरम्यतेचं हेच तर आहे. केलेलं काम दिसत नाही, आणि दिसलंच तर फोटो बिघडतो.

माशांचं तसंच. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. हा विणीचा काळ. आमच्या कचेरीतले एक गृहस्थ शाळेच्या सुट्टीच्या हिशेबाने जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिकडे गेले आणि "ताजी सुरमई मिळाली नाही, सर्व्हिस खराब" असं सांगत परत आले. आता समुद्राच्या सर्व्हिसची तक्रार कुठल्या खिडकीवर करायची? रापण ओढणारे लोक किनाऱ्यावर दोर धरून उभे असतात तेव्हा त्यांच्यात उभं राहून सेल्फी काढायला सगळे पुढे. पण रापणीला मासा का लागत नाही, पर्ससीनची जाळी काय करतात, फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध का आणले आणि तरी भांडण का मिटलं नाही, हे एकालाही विचारावंसं वाटत नाही. दोर धरणारा माणूसही काही सांगायला जात नाही. त्याला कळलेलं असतं की आपण फोटोत आहोत, गप्पांत नाही.

समुद्रात समोर दिसतात ती वेंगुर्ला रॉक्स. सूर्य नेमका त्यांच्या मागे बुडतो म्हणून प्रत्येकाच्या फोटोत ती असतात. त्या खडकांच्या गुहांत पाकोळ्या लाळेने घरटी बांधतात, परदेशात त्या घरट्यांचं सूप करतात, आणि त्यापायी इथून घरटी चोरून नेण्याचे प्रकार झाले. वाचवणारे लोकही इथलेच होते. हे मी एकदा चहा पिता पिता सांगितलं तर उत्तर आलं, "वहाँ बोट जाती है क्या?"

आता कुणी म्हणेल, चार दिवस मन रमवायला गेलेल्या माणसाने काय इतिहासाचा पेपर द्यायचा? नाही. पण भोपाळवाल्यांनी हे मला विचारू नये. कारण बघितलं जाणं म्हणजे काय हे या शहराला चांगलं माहीत आहे. १९८४ च्या डिसेंबरनंतर जगभरातून माणसं इथे येतात आणि स्टेशनवर उतरल्या उतरल्या विचारतात, कार्बाइडचा कारखाना किधर है? त्या भिंतीसमोर उभं राहून फोटो काढणाऱ्यांबद्दल आमच्याच कचेरीतले जुने लोक काय बोलतात ते मी ऐकलं आहे, इथे लिहिता येणार नाही. मोठ्या तलावाचंही तेच. पर्यटकाला तो 'लेक व्ह्यू', पण शहराच्या मोठ्या भागाचं पिण्याचं पाणी तिथून येतं. त्यावरची क्रूझ आणि मोटारबोटी बंद करायला सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला सांगावं लागलं. तेव्हा इथले लोक बरोबर म्हणत होते, "अपने पीने का पानी है, तमाशा थोड़ी है." अगदी खरं. मग तेच वेंगुर्ल्याला लावायला काय हरकत आहे?

आता मुद्द्याची गोष्ट. चित्र आवडलं की माणूस ते विकत घ्यायला बघतो. फोटो पाठवल्यावर आठच दिवसांनी त्या कुटुंबप्रमुखांनी मला गच्चीवर गाठून हळूच विचारलं, "उधर कोई सी-व्ह्यू प्लॉट हो तो देखिए ना." महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं हे मी सांगितलं, तर त्यांच्या रायसेनकडच्या जमिनीचा सातबारा... म्हणजे इथला खसरा... त्यांच्याजवळ तयार होता. एजंटाने आधीच सगळं समजावलं होतं!

हे आता थांबणं अवघड आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला तेव्हा लोक हसले होते, कारण तिथे पोचायलाच दिवस लागायचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ झाला. जानेवारी २०२३ पासून आमच्या पेडण्यात मोपावर विमानं उतरू लागली आणि तिथून शिरोडा हाकेच्या अंतरावर आलं. माझ्या गावात काजूच्या भरडाला जो भाव आज येतो तो ऐकून माझी काकी म्हणते, "बाबा, इतके पैसे कोण देतां तो कित्याक देतां?" तिचा प्रश्न नगरनियोजन खात्याला पडायला हवा होता. जागेवर एक वीट पडायच्या आधी गाव कागदावर बदलतं. झोन बदलतो, एनए होतं, नकाशातला हिरवा रंग पिवळा होतो. गोव्यात २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात १७(२) कलम आलं आणि 'चूक दुरुस्त करण्याच्या' नावाखाली भूखंडामागून भूखंड रंग बदलू लागले. लोक कोर्टात गेले, आणि मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले. सगळी आयुष्यं फाइली पुढे सरकवण्यात गेलेला माणूस म्हणून सांगतो, नियम रद्द झाले म्हणून फाइली मरत नाहीत. त्या दुसऱ्या कलमाखाली उठून बसतात.

"मग तिथल्या लोकांनी खायचं काय? पर्यटन आलं तर पोरं मुंबईला जाणार नाहीत," हा आक्षेप खरा आहे आणि मी तो झटकत नाही. ज्या बाईने घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या आणि ओसरीवर सोलकढीसकट ताट वाढलं, तिचं पर्यटन चाललंच पाहिजे. पण तिचं घर आणि सी-व्ह्यू प्लॉट यांना एकाच शब्दाने ओळखणं ही लबाडी आहे. तिच्याकडे पाहुणा येतो तेव्हा जमीन तिचीच राहते. प्लॉटवाला येतो तेव्हा तिचा मुलगा त्याच जागेवर वॉचमन होतो. पुरवण्यांत लिहिणाऱ्यांनी 'अजून कुणाला माहीत नसलेले दहा किनारे' छापताना यातलं कुठलं पर्यटन आपण बोलावतो आहोत ते एकदा स्वतःला विचारावं. आणि कुणाला माहीत नाहीत म्हणे! तिथे शेकडो वर्षं राहणाऱ्यांना धरून बोलताय ना?

तरीही इंद्रपुरीतून यंदा कुणी निघणारच असेल तर एवढं करा. डिसेंबरमध्येच जा, पण समुद्राकाठच्या कॅम्पफायरचे पैसे वाचवा. कार्तिकानंतर त्या भागात गावोगाव जत्रा असतात आणि जत्रेत रात्री दशावतार असतो. कुठल्या गावात कधी, ते मासळी बाजारात किंवा चहाच्या टपरीवर विचारा, विचारल्यावर लोक बोलतात. संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतात, आणि रात्री राजा झालेला माणूस सकाळी बागायतीत पाणी लावताना दिसतो. मालवणी पहिला अर्धा तास कळणार नाही, मग कळायला लागते. खेळ उशिरा उभा राहतो आणि उजाडेपर्यंत चालतो. थंडी पडते, अंगावर शाल घ्या, बसायला सतरंजी घरून न्या. आणि फ्लॅश बंद ठेवा, नटांच्या डोळ्यांवर येतो.