अब्बांची मारुती आणि इंजेक्शनचा वाद

अब्बांनी 1996 साली घेतलेली मारुती 800 आजही आमच्या दारात आहे. आता मात्र चोक ओढला तरी ती सकाळी लवकर सुरू होत नाही. त्यात पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल येऊ लागले आहे. जुन्या कार्बोरेटरच्या रबरी भागांना ते मानवत नाही. म्हणून इंजेक्शन बसवायचे, इतपत घरात एकमत झाले. पण कोणते, यावर वाद पेटला.

पुतण्या म्हणतो, “चाचा, बाहेरचा प्रोग्रामेबल ईसीयू मागवू. लॅपटॉपवर हवे तसे सेटिंग करता येते.” आमचे मिस्त्री म्हणतात, “भंगारातल्या एमपीएफआय आठशेचा सेट काढू.”

मी मिस्त्रींच्या बाजूचा आहे, आणि ते केवळ जुन्या ओळखीपोटी नव्हे. 2000 च्या सुमारास कंपनीने याच 796 सीसी इंजिनाला इंजेक्शन दिले. थंडीत, घाटात, भर ट्रॅफिकमध्ये किती पेट्रोल सोडायचे याचा हिशेब कारखान्यातल्या इंजिनिअरांनी आधीच करून ठेवला आहे. बाहेरच्या ईसीयूत तो हिशेब आपल्यालाच भरावा लागतो. अमेरिकेतले ‘स्वतः शिकणारे’ तयार किट मुख्यतः तिथल्या मोठ्या आठ सिलिंडरच्या इंजिनांसाठी असतात. आमच्या तीन सिलिंडरवाल्या गाडीला ते काय कामाचे?

माझ्या एका दोस्ताने जुन्या जीपला बाहेरचे किट बसवले. जीप सुंदर पळायची. पुढे एक सेन्सर गेला. सेटिंग करणारा दुसऱ्या शहरात, आणि त्याने फोन उचलणे बंद केले. जीप चार महिने ताडपत्रीखाली होती.

पुतण्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. इंजिनाची ताकद वाढवायची असेल, किंवा कंपनीने त्या गाडीला कधी इंजेक्शन दिलेच नसेल, तर बाहेरचा ईसीयूच घ्यावा लागतो. आमची गाडी मात्र बाजारहाटाला आणि ईदला गावी जायला लागते.

भंगारातला सेटही डोळे झाकून घेऊ नये. वायरिंग न कापता, सगळ्या प्लगांसह, ईसीयू आणि सेन्सर एकाच गाडीतून काढावेत. टाकीतला पंप आणि प्रेशरचे पाइप नवे घ्यावेत. कार्बोरेटरच्या पंपाला नाममात्र दाब पुरतो, इंजेक्शनला सुमारे तीन बार लागतो. तिथली गळती म्हणजे आगीला आमंत्रण. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीतल्या बदलांवर बंधने घालते. त्यामुळे हात लावण्याआधी आरटीओत विचारलेले बरे.

गाडी रस्त्यात बंद पडली, तर जवळच्या गॅरेजमधल्या पोराला ती समजली पाहिजे. आठशेचे इंजेक्शन आमच्या तालुक्यातला कोणताही मिस्त्री उघडतो. अब्बा आता ऐंशीचे आहेत. त्यांना घाटात कुणाच्या लॅपटॉपची वाट बघत बसवायची माझी तयारी नाही.