प्रयोगशाळा ते वॉर्ड : मधला रस्ता कोण बांधणार?

देशातील तंत्रशिक्षण संस्थांच्या संशोधनात आरोग्याला आता मोठे स्थान मिळाले आहे. आयआयटी कानपूर आणि आयआयटी खरगपूर यांनी तर वैद्यकीय शिक्षण व रुग्णालयापर्यंत मजल मारायचे ठरवले आहे. केंद्र उघडले, निधी आला, शोधनिबंध छापून आले, एवढ्यावर यश मोजायचे का? रुग्णाच्या दृष्टीने कसोटी वेगळी आहे. तिथे तयार झालेली वस्तू त्याच्या खाटेपर्यंत पोहोचली का?

आयआयटी मुंबईचे उदाहरण बोलके आहे. प्रा. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेने टाटा मेमोरियल सेंटरबरोबर ‘कार-टी’ उपचार विकसित केला. यात रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी काढून त्यांत जनुकीय बदल करतात. या पेशी शरीरात परत सोडल्या की त्या कर्करोगग्रस्त बी-पेशींना ओळखून नष्ट करतात. जून २०२१ मध्ये खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये पहिल्या रुग्णाला हा उपचार मिळाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मंजुरी आली. ६४ रुग्णांवरील चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त प्रसिद्ध झाले. ज्यांच्यात परिणाम मोजता आला, त्यांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांना गुण आला. इतर औषधे निष्प्रभ ठरलेल्या या आजारात हे प्रमाण मोठे आहे.

हे साधले कशामुळे? अभियंते-जीवशास्त्रज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ सुरुवातीपासून एकत्र होते. चाचण्यांसाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडून पैसा मिळाला. उत्पादनासाठी संस्थेच्याच आवारात ‘इम्युनोॲक्ट’ ही कंपनी उभी राहिली. रुग्णालय, चाचणीचा खर्च आणि उत्पादन हे तिन्ही दुवे जुळले. बहुतेक संशोधन यातला एखादा दुवा निखळल्यामुळे नमुन्याच्या टप्प्यावरच अडकते.

वैद्यकीय उपकरणांसाठी हेच दुवे जोडण्याचा प्रयत्न ‘बेटिक’ हे केंद्र करते. राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने ते आयआयटी मुंबईत सुरू झाले. पुण्याचे सीओईपी आणि नागपूरचे व्हीएनआयटी त्यात सहभागी झाले. डॉक्टरांनी अडचण सांगायची, अभियंत्यांनी उत्तर शोधायचे, अशी त्याची रीत. पण उपकरण तयार झाले म्हणजे काम संपत नाही. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार जोखमीप्रमाणे उपकरणांचे चार वर्ग पडतात आणि त्याप्रमाणे परवाने लागतात. त्यानंतर सरकारी खरेदी. निविदेत ‘पूर्वीच्या पुरवठ्याचा अनुभव’ मागितला, तर नव्या देशी उपकरणाला दारातूनच परतावे लागते.

दुसरी अडचण मनुष्यबळाची. सर्वाधिक आणि सर्व प्रकारचे रुग्ण सरकारी रुग्णालयांत येतात. चाचण्यांसाठी हीच खरी जागा. पण बाह्यरुग्ण विभागाची रांग, शस्त्रक्रिया आणि अध्यापन यांतून तिथल्या डॉक्टरला संशोधनासाठी राखीव वेळ मिळत नाही. चाचणीच्या नोंदी ठेवायला स्वतंत्र माणूस क्वचितच असतो. साहजिकच तंत्रसंस्था मोजक्या मोठ्या रुग्णालयांकडेच वळतात. जिल्ह्यातील रुग्णाच्या गरजा यादीत खाली जातात.

कार-टीची किंमतही हेच सांगते. परदेशात तीन-चार कोटींचा उपचार इथे सुमारे ४० लाखांवर आला, ही मोठी कामगिरी आहे. तरीही शेतमजुराच्या घराला हे ४० लाख चार कोटींइतकेच दूर आहेत. शिवाय या उपचारानंतर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात. म्हणजे औषधाबरोबर रक्तपेढी, अतिदक्षता कक्ष आणि प्रशिक्षित परिचारिकाही हव्यात.

संशोधनावर भारत सकल उत्पन्नाच्या एक टक्काही खर्च करत नाही. त्यामुळे प्राधान्यक्रम ठरवताना फार विचार हवा. प्रत्येक आरोग्य संशोधन केंद्राच्या आराखड्यात तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून असाव्यात : भागीदार सरकारी रुग्णालय, चाचणीसाठी वेगळा निधी आणि सामान्य रुग्णाला परवडेल अशा किमतीचे लक्ष्य. त्या नसतील, तर केंद्राची इमारत उभी राहील. वॉर्डातली खाट मात्र वाट पाहत राहील.