अभयारण्यात अभय कोणाला?

टांझानियाच्या दक्षिणेकडील सेलूस अभयारण्यात १९७६ साली सुमारे १ लाख १० हजार हत्ती होते. २०१३ च्या मोजणीत ते जेमतेम १३ हजार उरले. संपूर्ण देशाचा हिशेब पाहिला, तर २००९ साली सुमारे १ लाख ९ हजार असलेले हत्ती २०१४ पर्यंत ४३ हजारांच्या आसपास आले. पाच वर्षांत दर पाच हत्तींमागे तीन नाहीसे झाले. या संहाराला जबाबदार कोण, असे विचारले की पाश्चात्य वर्तमानपत्रांतून ठराविक उत्तर मिळते : भुकेला आफ्रिकन चोरटा शिकारी. बंदूक पुष्कळदा त्याच्याच हाती असते, हे खरे. परंतु ती त्याच्या हाती कोणी दिली आणि सुळा शेवटी कोणाच्या दिवाणखान्यात गेला, हे प्रश्न विचारल्यावाचून उत्तर पुरे होत नाही.

मुळात हे ‘निर्मनुष्य’ अरण्य निर्मनुष्य झाले कसे? जर्मन वसाहतवाल्यांनी १८९६ सालीच रुफिजी नदीच्या परिसरात शिकारीसाठी जंगल राखून ठेवले. १९०५ ते १९०७ च्या माजी-माजी उठावात त्यांनी उभी पिके आणि साठवलेले धान्य जाळले, आणि गोळ्यांपेक्षा उपासमारीनेच अधिक माणसे मेली. पुढे इंग्रजांनी १९२२ साली या भूमीला फ्रेडरिक सेलूस या आपल्या नामांकित शिकाऱ्याचे नाव दिले आणि १९४० च्या दशकात निद्रारोगाच्या नावाखाली हजारो लोकांना तेथून हलविले. उत्तरेकडे सेरेंगेटीत १९५९ साली तेच घडले. राष्ट्रीय उद्यानासाठी मसाई पशुपालकांना बाहेर काढण्यात आले. ज्यांच्या गुरांशेजारी सिंह आणि हरणांचे कळप पिढ्यान् पिढ्या नांदले, तेच एका दिवसात निसर्गाचे शत्रू ठरले.

अरुशा हे नाव आमच्या वाचकांना ज्युलियस नायरेरे यांच्या १९६७ च्या समाजवादी घोषणेमुळे परिचित आहे. त्याच गावी १९६१ साली नायरेरे यांनी वन्यजीवरक्षणाचाही जाहीरनामा दिला होता. दोन्ही घोषणा प्रामाणिक होत्या. परंतु त्यांची सांगड कधी घातली गेली नाही. जमीन, बँका आणि कारखाने यांच्या मालकीचा प्रश्न त्यांनी धैर्याने विचारला. अभयारण्याच्या वसाहतकालीन सीमारेषा मात्र तशाच राहिल्या. २०१९ साली सेलूसचा मोठा भाग तोडून त्याला नायरेरे राष्ट्रीय उद्यान असे नाव मिळाले. पाटी बदलली, कुंपणाचा अर्थ बदलला नाही.

त्या कुंपणाबाहेर काय चालते? १९९० नंतरच्या सुमारे पंधरा वर्षांत टांझानियात सिंहांनी साडेपाचशेहून अधिक माणसे मारली. त्यांतील अनेक बळी दक्षिणेकडील गरीब शेतकऱ्यांचे होते, आणि सुगीच्या दिवसांतले होते. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेतकरी रात्री शेतातल्या तकलादू खोपीत झोपतो, आणि डुकरांच्या मागावर आलेल्या सिंहाच्या तोंडी जातो. हत्तीने शेत तुडविले, तर कायद्याने मिळते ती ‘भरपाई’ नव्हे, ‘सांत्वन रक्कम’! वन्य प्राणी सरकारच्या मालकीचा, त्याचे उत्पन्न सरकारचे आणि कंपन्यांचे, आणि नुकसान मात्र एकट्या शेतकऱ्याचे. अशा व्यवस्थेत कोणी मेलेल्या गाईवर विष टाकून सिंहांचा सूड घेतला, तर त्या कृत्याचे समर्थन आम्ही करणार नाही. पण त्याचे आश्चर्य वाटून घेण्याचा अधिकार राज्यकर्त्यांना नाही.

संहार थांबविण्यासाठी सरकारने २०१३ च्या ऑक्टोबरात ‘ऑपरेशन तोकोमेझा’ ही सशस्त्र मोहीम काढली. खेड्यापाड्यांतून मारहाण, छळ, बलात्कार आणि हत्या यांच्या इतक्या तक्रारी आल्या, की महिन्याभरात ती आवरती घ्यावी लागली आणि डिसेंबरात चार मंत्र्यांना जावे लागले. दुसरीकडे, शेकडो हस्तिदंतांची तस्करी करणाऱ्या एका चिनी महिला व्यापाऱ्याला २०१५ साली अटक झाली आणि १५ वर्षांची शिक्षा लागली ती २०१९ साली. खेडुताला शिक्षा रात्रीत मिळते, व्यापाऱ्याला खटला चालवून.

आणि सगळ्यांनाच अरण्याचे दार बंद आहे असेही नाही. सेरेंगेटीला लागून असलेल्या लोलिओंडोत अमिरातीतील एका कंपनीला १९९० च्या दशकापासून शिकारीचे हक्क मिळाले. २०२२ च्या जूनमध्ये तेथेच दीड हजार चौरस किलोमीटर चराऊ रान मसाईंसाठी बंद करण्यात आले. गोळीबार झाला, अनेक जण जखमी झाले, एक पोलीस ठार झाला, आणि कित्येक कुटुंबे सीमा ओलांडून केनियात गेली. पैसे मोजून सिंह मारणारा पाहुणा ठरतो आणि गाय चारणारा घुसखोर, हा न्याय कोणत्या निसर्गाचा?

हे सारे दूरच्या देशाचे दुखणे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. एकोणिसाव्या शतकात झांझिबारचे हस्तिदंत ज्या बाजारांत उतरत, त्यांत मुंबई अग्रभागी होती. गुलामांच्या आणि हमालांच्या खांद्यावरून किनाऱ्याला आलेला तो माल भारतीय सावकारांच्या भांडवलावर फिरे आणि त्याच्या बांगड्या भारतीय स्त्रियांच्या हातांत भरल्या जात. आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापार भारताने १९९१ साली कायद्याने बंद केला, हे योग्यच झाले.

माणसे उपाशी असताना जनावरांचे काय घेऊन बसलात, असे आपल्यातलेही काही म्हणतील. त्यांनी १९९४ साल आठवावे. त्या वर्षी कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाने सेरेंगेटीतील सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. ती साथ भोवतालच्या खेड्यांतील कुत्र्यांकडून आली असे अनुमान निघाले, आणि उपाय म्हणून त्या कुत्र्यांना लस टोचण्यात आली. अरण्याच्या राजाचे प्राण गावकुसाबाहेरच्या कुत्र्याशी बांधलेले आहेत, मग त्या कुत्र्याच्या धन्याशी नसतील कसे?

म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. हस्तिदंताचा बाजार सर्व देशांत बंदच राहिला पाहिजे, आणि शिक्षेचा पहिला वार व्यापाऱ्यावर पडला पाहिजे. पीक, गुरे आणि माणसे यांच्या हानीची भरपाई हा हक्क असला पाहिजे, सांत्वन नव्हे. अरण्याच्या उत्पन्नात आणि कारभारात भोवतालच्या गावांचा वाटा हवा, आणि त्यांच्या संमतीवाचून एकही कुटुंब उठविले जाऊ नये. हत्तींना आणि सिंहांना जगायचे असेल, तर ते जगावेत असे त्यांच्या शेजाऱ्याला वाटले पाहिजे. तो शेजारी दार-एस-सलामच्या कचेरीत बसत नाही. रुफिजीच्या काठी, रात्रीच्या अंधारात, तो पिकाच्या राखणीला बसलेला आहे.